विहिरीवाल्या पिक्चरचा शेवट

हणमंतराव पवळे हा तापट माणूस. चहात साखर कमी पडली तरी भडकणार आणि जास्त पडली तरी भडकणार. पण तो झाला रोजचा राग, त्याचं घरात कुणी मनावर घेत नाही. खरा राग बघायचा असेल तर त्यांच्यासमोर एवढंच म्हणायचं, की ‘विहिरीवाला’ हा काही घोड्याच्या पिक्चरांत एक नंबरचा पिक्चर नव्हे. बस्स! मग तुम्ही पाहुणे असा, जावई असा, नाहीतर तलाठी असा, तुमची धडगत नाही. भोकरच्या बाजारात एका बियाणेवाल्यानं ‘तीन टोप्या’ त्याच्यापेक्षा भारी होता असं नुसतं बोलता बोलता म्हटलं, तर या गृहस्थानं घेतलेलं बियाणं काउंटरवर परत ठेवलं आणि दुकानच बदललं.

आता ‘विहिरीवाला’ काय आणि ‘तीन टोप्या’ काय, ही काही त्या पिक्चरांची खरी नावं नव्हेत. घोड्याचे पिक्चर म्हणजे इंग्रजी. मोठ्या टोप्यांची माणसं, कमरेला पिस्तूल, सगळीकडे फुफाटा आणि बोलणं इतकं कमी की भाषा नाही कळली तरी काही बिघडत नाही. हणमंतराव तरणेताठे होते तेव्हा नांदेडच्या एका टॉकीजला रविवारी दुपारी हे पिक्चर लागायचे. पोस्टरवरचं नाव कुणाला वाचता यायचं नाही, आणि आलंच तरी जिभेवर बसायचं नाही. म्हणून गावच्या पोरांनी आपापली नावं ठेवली. पिक्चरमधल्या बिल्लेवाल्याला ते फौजदार म्हणायचे, ज्याची गुरं जास्त त्याला पाटील, आणि जो बाहेरून एकटा घोड्यावर यायचा त्याला पाव्हणा. सगळं व्यवस्थित कळायचं.

अडचण एकच होती, ती शेवटाची. टॉकीजचा मालक पब्लिक भरल्याशिवाय मशीन चालू करायचा नाही. तीनचा खेळ चारला सुरू व्हायचा. आणि गावाकडची शेवटची एस.टी. सुटायची सहाला. ती चुकली की रात्र स्टँडवर. त्यामुळे पाव्हणा आणि पाटील समोरासमोर आले, पिस्तुलावर हात गेले, की इकडे गावची पोरं खुर्च्या वाजवत उठायची आणि स्टँडकडे पळत सुटायची. एकाही पिक्चरचा शेवट या गावानं कधी डोळ्यांनी बघितला नाही. शेवट व्हायचा एस.टी.त. कोण मेला, कोण वाचला, पोरगी कुणाबरोबर गेली, हे सगळं मुदखेड येईपर्यंत भांडून भांडून ठरायचं. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडता फाडता दोन माणसं मारायचा. एकदा ठरलं की तोच शेवट, मग त्याच्यावर कुणी तोंड उघडायचं नाही.

या कामात सगळ्यांचा उस्ताद म्हणजे हणमंतरावांचा जिगरी दोस्त बजरंग. शेजारच्याच वावरातला. बजरंगाच्या शेवटात कुणी जिवंत राहायचं नाही. पाटील मरायचा, फौजदार मरायचा, हॉटेलवाला खामखा मधे येऊन मरायचा. “अरे, घोडं तरी ठेव बाबा,” असं म्हातारी माणसं म्हणायची, इतका तो कापाकापी करायचा.

आणि त्याच बजरंगानं ‘विहिरीवाल्या’चा शेवट सांगितला तेव्हा एकही माणूस मारला नाही. त्या दिवसाची गोष्ट आधी सांगायला पाहिजे, त्याशिवाय हणमंतरावांचा राग कळायचा नाही.

हणमंतरावांचा थोरला भाऊ आदिनाथ मिरच्या घेऊन धर्माबादच्या बाजाराला गेला होता. काट्यावर मापात गडबड दिसली म्हणून बोलला. शब्दानं शब्द वाढला आणि एका अडत्याच्या माणसांनी त्याला लाठ्यांनी झोडपला. चार दिवस दवाखान्यात पडून आदिनाथ गेला. मागे त्याची बायको साखराबाई आणि दोन लेकरं. खटला उभा राहिला, पण भरल्या बाजारात झालेली मारहाण कुणी बघितलीच नव्हती! एकूण एक साक्षीदार फिरला. ज्यानं पहिली लाठी घातली तो सुटून आला आणि त्याच काट्यावर पुन्हा पान चघळत बसायला लागला. गावातली माणसं हणमंतरावांकडे बघून न बघितल्यासारखं करायची आणि पाठ फिरली की म्हणायची, “भावाचं रगत पचवलं गड्यानं.”

एका रविवारी सकाळी हणमंतरावांनी पिशवीत धार लावलेली कत्ती घातली, वरून टॉवेल टाकला आणि धर्माबादच्या मोटारीसाठी फाट्यावर जाऊन उभे राहिले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिथं बजरंग भेटला. पिशवीत काय म्हणाला, तर भाकरी म्हणून सांगितलं. बजरंग म्हणाला, “नांदेडला लई भारी घोड्याचा पिक्चर लागलाय, चल. धर्माबाद कुठं पळून चाललंय का?” हणमंतरावांनी विचार केला, उद्यापासून जेलच हाय. एक पिक्चर बघून घ्यावा. धर्माबादला उद्या सकाळी जाऊ.

पिक्चरमध्ये पाव्हण्याच्या भावाला पाटलाच्या माणसांनी मारलेलं. पाव्हणा एकेकाला हुडकत येतो. हणमंतराव पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेले, डोळ्यांची पापणी हलत नव्हती. शेवटी चौघं गावच्या विहिरीपाशी सापडतात, त्यांची पिस्तुलं खाली पडलेली, आणि पाव्हणा विहिरीच्या कठड्याला टेकून त्यांच्यावर नेम धरतो. तेवढ्यात बजरंगानं दंडाला धरून ओढलं. “ऊठ! मोटार जाईल!” हणमंतराव शिव्या देत उठले, आणि त्यांच्या मागं गावची बाकीची पोरंही. धापा टाकत स्टँडवर आले तर एस.टी. उभीच. अर्धा तास उभी! तेवढ्या वेळात बजरंगानं भजी आणली, ती खाऊन झाली, तरी ड्रायव्हरचा पत्ता नाही. “अजून अर्धा तास व्हता की रं भाड्या!” हे वाक्य हणमंतरावांनी बजरंगाला त्यानंतर जन्मभर ऐकवलं.

एस.टी. निघाली. सगळे म्हणाले, मारला असंल, चारी जणायला मारला असंल. बजरंग एकटा अडून बसला. “न्हाई मारत. पिस्तूल विहिरीत फेकून देतो अन् जातो घराकडं.” पोरं त्याच्या अंगावर धावून गेली. कंडक्टर म्हणाला, “तब्येत बरी हाय ना तुझी?” हणमंतरावांनी विचारलं, “काऊन फेकतो?” बजरंग म्हणाला, “घरी भावजय हाय त्याची. दोन लेकरं हायत भावाची. ह्यो फासावर गेल्यावर त्यायला कोण बघंल? पाव्हणा येडा न्हाई.” मुदखेड गेलं, पुढची सगळी गावं गेली, तरी गडी हटला नाही. शेवटी तोच शेवट ठरला. हणमंतराव दुसऱ्या दिवशी धर्माबादला गेले नाहीत, त्यानंतरही कधी गेले नाहीत. कत्ती गोठ्याच्या आढ्यात खोवून ठेवली. साखरावहिनीची दोन्ही लेकरं त्यांनी शिकवली, लग्नं लावून दिली. कुणी मागून बोललंच तर ते मनात म्हणायचे, हातात पिस्तूल अन् समोर चार दुश्मन असून ज्यानं फेकून दिलं, तो काय भेकड व्हता? तेवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं. म्हणून ‘विहिरीवाला’ एक नंबर. आता कळलं का, बियाणं परत का ठेवलं ते?

तर मूळ मुद्दा. हणमंतरावांची धाकटी लेक सृष्टी नांदेडला नोकरी करते. तिथं पिक्चर बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे, रविवारी दुपारी एका हॉलमध्ये जमतात. त्यांनी ठरवलं की घोड्याच्या पिक्चरांत सगळ्यांत थोर कोणता, याचा एकदाचा निकाल लावायचा. मंडळाचे प्रमुख मृत्युंजय सर, मूळचे उदगीरचे, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा नियम असा, की ज्यानं त्यानं आपल्या पिक्चरची बाजू मांडायची आणि मग त्याचा शेवट पडद्यावर दाखवायचा. “शेवट ढिला तर पिक्चर ढिला,” असं त्यांचं म्हणणं. मग मतदान.

सृष्टीनं बापाचं नाव दिलं आणि वर्णनावरून शोधून शोधून ‘विहिरीवाला’ हुडकून काढला. पिक्चर मिळाल्यावर तिनं फोन केला. “बाबा, येण्याआधी एकदा बघून घ्या ना घरी. मी पाठवते.”

“मला दाखवून राहिलीस व्हय? तू जन्मली नव्हतीस तवापासून तोंडपाठ हाय मला!”

ती पुढं काहीतरी बोलणार होती, पण हणमंतरावांनी फोन ठेवला होता. त्यांनी धोतराला इस्त्री करून घेतली, फेटा बांधला आणि रविवारी नांदेडला हजर झाले.

हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं. आधी मृत्युंजय सर ‘तीन टोप्या’वर बोलले. काय तो कॅमेरा, काय ते संगीत, काय ती शांतता! हणमंतराव खुर्चीत चुळबुळत होते. एका पोरानं ‘आंधळा घोडा’ मांडला. हणमंतरावांनी मधेच, “घोडं आंधळं हाय एवढंच त्यात हाय, दुसरं काय हाय?” असं विचारून त्याला गप्प केलं. मग त्यांची पाळी आली. माइक त्यांनी बाजूला सारला.

“तुमच्या ‘तीन टोप्या’त शेवटाला किती मुडदे पडतात, सर?”

“बरेच पडतात,” सर हसून म्हणाले.

“मग त्यात थोर ते काय? मारायला काय अक्कल लागती? खाटीकबी मारतो! हातात पिस्तूल हाय, समोर भावाला मारणारे हायत, कुणी अडवणारं न्हाई, अन् तरी जो पिस्तूल विहिरीत फेकून देतो, तो माणूस! घरी भावजय हाय, लेकरं हायत, त्यायच्यासाठी फेकतो. असा दुसरा पिक्चर दाखवा मला. एक दाखवा! मी हितल्या हितं मिशी उतरवतो!”

टाळ्या पडल्या. सृष्टी मात्र खाली मान घालून बसली होती. सरांनी शेवट लावायला सांगितला.

पडद्यावर विहीर आली. तीच विहीर, तोच कठडा, तेच चौघं. हणमंतरावांना एकदम टॉकीजमधला विड्यांचा वास आला. ते शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, “आता बघा, फेकतो.”

पाव्हण्यानं फेकलं नाही. त्यानं पहिल्याला मारला. मग दुसऱ्याला. तिसरा हात जोडत होता, त्यालाही मारला. चौथा पळाला त्याला पाठीत मारला. मग विहिरीचं पाणी शेंदून प्याला, तोंड पुसलं आणि घोड्यावर बसून गेला. पिक्चर संपला.

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला. मृत्युंजय सरांनी हातानं गप्प बसवायचा प्रयत्न केला, पण त्यांनाही हसू आवरेना. “हणमंतराव, तुमचा पिक्चर दुसराच कोणता तरी असेल.”

“ह्योच हाय!” हणमंतराव ओरडले. “कापलंय तुम्ही! फेकतो तो! घरी त्याची भावजय...”

“बाबा,” सृष्टी हळूच म्हणाली, “त्याच्या भावाला बायकोच नाहीये. भाऊ एकटाच राहत असतो पहिल्यापासून. मी पूर्ण बघितलाय. म्हणूनच तुम्हाला आधी बघा म्हणत होते.”

हणमंतरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लेकीचा हात झटकून ते हॉलबाहेर पडले. मतही दिलं नाही. मोबाइल वाजत राहिला, उचलला नाही. एस.टी.त खिडकीपाशी बसले ते गाव येईपर्यंत स्वतःशीच शिव्या देत होते. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर त्याच्यावरही खेकसले. आणि का खेकसू नये? ज्या शेवटाच्या जिवावर गावाची बोलणी गिळली, तो शेवट कुठं नव्हताच! पिस्तूल फेकणारा कुणी नव्हता. भावजय नव्हती, लेकरं नव्हती. तिकडे तो धर्माबादचा लाठीवाला म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून, आपल्या अंथरुणात सुखानं मेला. आणि आपण एका बाजारगप्पेवर विश्वास ठेवून कत्ती आढ्यात खोवली. मग लोक म्हणत होते तेच खरं का? आपण भ्यालो होतो, आणि पिक्चरचं निमित्त केलं? हा विचार आला आणि त्यांना बसवेना. गाव यायच्या आधीच ते उठून दारात जाऊन उभे राहिले.

घरी न जाता ते तडक बजरंगाच्या वसरीवर गेले. बजरंग आता एकटा. बायको गेली, पोरं पुण्याला. त्याची संध्याकाळची भाकर हणमंतरावांच्याच घरून, साखराबाईच्या हातची यायची. तो अंबाडीची दोरी वळत बसला होता.

“बज्या! ऊठ!”

“काय झालं? आग लागली का कुठं?”

“त्यानं पिस्तूल फेकलं न्हाई!”

बजरंगाचे हात थांबले. कोण, कुठलं पिस्तूल, असं त्यानं काही विचारलं नाही. दोरी बाजूला ठेवून म्हणाला, “बघितलास व्हय शेवट?”

“म्हंजे तुला ठाऊक व्हतं?”

“हाव.”

“कवापासून?”

“तुला न्यायच्या आधीपासून. त्याच्या आदल्या रविवारी बायकूला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं व्हतं. तिथंच मुक्काम व्हता, गावाकडं यायची घाई नव्हती. एकला जाऊन पुरा बघून आलो. चारी जणायला मारतो. पाणी पितो अन् जातो.”

“अन् तरी मला नेलास? तसला पिक्चर? माझ्या भावाला मारणारा नुकता सुटून आला व्हता!”

“दुसरं काय करू? फाट्यावर तू धर्माबादच्या मोटारीची वाट बघत उभा. तुला हालवायला पिक्चरशिवाय दुसरं काय व्हतं माझ्यापाशी? अन् त्या रविवारीबी तोच लागलेला. म्हणलं, सहाची मोटार हायच. शेवट काय तुला दिसत न्हाई.”

“मी भाकरी घेऊन चाललो व्हतो!”

“भाकरी!” आता बजरंगाचाही आवाज चढला. “दिसभर ती पिशवी मांडीवर घेऊन बसलास. टॉकीजात खाली ठेव म्हणलं तर ठेवली न्हाईस. अन् भूक लागल्यावर माझ्या पैशाची भजी खाल्लीस! भाकरी जवळ असलेला माणूस भजी खातो व्हय रं?”

हणमंतराव वसरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

“अर्धा तास आधी उठवलास मला.”

“उठवलं. त्यानं नेम धरला अन् मी तुझा दंड धरला. मोटार उभी असंल न्हाईतर नसंल, तुला तिथून काढायचं व्हतं. तू आजवर शिव्या देतोस त्याच्यासाठी. दे की. मी कधी काही म्हणलं का?”

“मग सांगितलं काऊन न्हाईस? एवढी वर्षं? सगळ्यांपुढं माझं हसं झालं आज! पोरीला मान खाली घालाया लागली!”

“सांगितलं असतं तर तू आधी जाऊन शेवट बघितला असतास अन् मग धर्माबादला गेला असतास. तो धर्माबादचा मुडदा मेला तवा सांगणार व्हतो. तवर तू साऱ्या मुलखाशी भांडत सुटला व्हतास, विहिरीवाला एक नंबर, विहिरीवाला एक नंबर. मग कोणत्या तोंडानं सांगू?”

हणमंतराव खाली बसले. राग अजून होताच, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. मग त्यांनी विचारलं, “बज्या, मी भ्यालो व्हतो का रं?”

“तू कुठला भितोस. भ्यालो व्हतो मी. तू फासावर गेला असतास तर ह्या गावात मी कुणाबरोबर भांडलो असतो?”

तेवढ्यात साखराबाई ताट घेऊन आली. आता तिचे केस पांढरे झालेत, पण चाल तीच. “भाऊजी, तुम्ही हितं? सृष्टीचा फोनवर फोन चाललाय. घरला या म्हणावं, जेवून घ्या.” बजरंगापुढं ताट ठेवून ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. “काय भांडण चाललंय दोघांचं?”

“काही न्हाई वहिनी. पिक्चरचं,” हणमंतराव म्हणाले.

“अजून तेच का!” असं म्हणून ती गेली. ती वाटेला लागेपर्यंत हणमंतराव तिच्या पाठीकडे बघत राहिले. मोबाइल पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी उचलला.

“बाबा, कुठं आहात? पोचलात ना? जीव टांगणीला लागला माझा. ऐका, सर वाईट नाहीत हो, त्यांनी निकाल थांबवून ठेवलाय. तुमचं मत तेवढं राहिलंय म्हणतात. काय सांगू? ‘तीन टोप्या’ सांगू का?”

“‘तीन टोप्या’ गेला खड्ड्यात!” हणमंतराव इतक्या जोरात ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. “माझं मत विहिरीवाल्यालाच! अन् तुझ्या सराला सांग, तुमच्यापाशी हाय तो अर्धाच हाय. त्याचा शेवट भोकरच्या एस.टी.त झालाय. अन् ज्यानं केलाय तो हरामखोर आत्ता माझ्यापुढं बसून माझ्या वहिनीच्या हातची भाकर खाऊन राहिलाय!”

त्यांनी फोन ठेवला. बजरंग खाली मान घालून जेवत होता. त्यानं एक भाकर मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढं केली. हणमंतरावांनी ती हिसकावून घेतली.